सात घोड्यांची पागा: न कुजणारा ढीग, माश्या आणि रिंगणाला रोजचा टँकर. सुरुवात कुठून करावी?

मुळशीकडची_पागा

जागा मुळशी रस्त्याला, दोन एकर. सात घोडे आहेत. चार काठियावाडी-मारवाडी बांध्याचे, साधारण साडेतीनशे किलोचे. तीन रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड, पावणेपाचशेच्या आसपास. बारा बाय बारा फुटांची ठाणं (घोडा बांधायचे कप्पे), खाली मुरूम, वर सहा इंच भाताचं तूस. तूस इथल्या राइस मिलमधून जवळजवळ फुकट मिळतं, म्हणून हात सैल सोडून वापरलं जातं. रोज लिदीबरोबर साठ-सत्तर किलो तूस बाहेर पडतं आणि मागच्या ढिगावर जातं. वर्ष झालं तरी ढीग कुजत नाही. वरून कोरडा, खाली चिखल, मधे माश्या. शेजारच्या वस्तीची तक्रार आली आहे आणि पहिल्या पावसात काळं पाणी ओढ्याकडे वाहतं.

बाकी माहिती: ठाणात वास आला की चुना टाकतो. सगळ्यांना दर दोन महिन्यांनी जंताचं औषध. स्वारीचं रिंगण २० × ४० मीटर, नदीची वाळू, उन्हाळ्यात रोज ५,००० लिटरचा टँकर. वाळलेलं गवत बाहेरून येतं. अर्धा एकर मोकळी आहे, तिथे हत्तीघास आणि बांधावर सुबाभूळ लावा असं एकाने सुचवलंय. दुसरा म्हणतो बायोगॅस करा.

खर्च एकदम झेपणार नाही. आधी काय हातात घ्यावं?

पिछाडी

आधी तूस कमी करा. बायोगॅस, मशीन, जिवाणूंची पाकिटं हे सगळं नंतर.

हिशोब बघा. घोडा दिवसाला वजनाच्या साधारण पाच टक्के लीद आणि मूत मिळून टाकतो. तुमच्या सात जणांचं एकूण वजन २,८०० किलोच्या पुढे, म्हणजे रोज १४० किलो, त्यात लीद शंभरच्या आसपास. शंभर किलो लिदीला जागा लागते पाव घनमीटरच्या आतबाहेर. साठ-सत्तर किलो तुसाला लागते अर्ध्या घनमीटरहून जास्त. तुम्ही ज्याला लिदीचा ढीग म्हणता तो आकारमानाने निम्म्याहून अधिक तुसाचाच आहे. तुसात सिलिका भरपूर, नत्र (नायट्रोजन) जवळजवळ नाही. पाणी त्याच्यावरून ओघळून तळाशी जातं, म्हणून वर कोरडं आणि खाली चिखल. असा ढीग तापतच नाही. जो तापत नाही तो कुजत नाही, आणि माशीच्या अळ्यांना तोच सोयीचा.

कुजायला कर्ब (कार्बन) आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं लागतं. नुसती लीद स्वतःच त्याच्या जवळ असते. तुमचं मिश्रण पन्नासच्या वर गेलेलं असणार. रोजचं तूस पंचवीस किलोवर आणलंत आणि मुताने भिजलेला भाग फेकून न देता ढिगातच घातलात, तर वरून युरिया वगैरे काही लागत नाही.

ढिगाऐवजी कप्पे करा. दीड मीटर रुंद, दीड मीटर खोल, सव्वा मीटर उंच, असे सहा. तीन बाजूंना काँक्रीट ब्लॉक, सांधे न भरता, म्हणजे हवा खेळते. समोर काढता येतील अशा फळ्या. तूस कमी केल्यावर एक कप्पा साधारण आठवड्यात भरतो, आणि हा आठवडा महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात घरमाशी अंड्यापासून पंख फुटेपर्यंत सात ते दहा दिवस घेते. त्याआधी माल तापला तर पिढी तिथेच संपते. ताजी लीद नेहमी मधे टाकायची, कडेचा जुना माल वर ओढून झाकायची. नुसती वर ओतून गेलात तर माशी कडेच्या गार भागात अंडी घालणारच.

ओल तपासायची तर मूठभर माल घट्ट पिळा. बोटांच्या फटीत दोन-चार थेंब दिसावेत, धार लागू नये आणि हात कोरडाही राहू नये. तुसाच्या मालात सुरुवातीला भरपूर पाणी मारावं लागतं, थोडं थोडं, खालीवर करत.

तापमान ५५ ते ६५ अंश. लांब दांड्याचा थर्मामीटर नसेल तर लोखंडी गज मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. टोक मुठीत धरवलं नाही तर ठीक. नुसतं कोमट लागलं तर पाणी कमी, हवा कमी किंवा तूस जास्त, तिघांपैकी एक. तीन-चार दिवस ताप टिकला की फावड्याने कडेचा माल मधे आणि मधला कडेला. असं तीनदा केलंत की सगळा माल एकदा तरी गरम भागातून जातो, जंतांची अंडी आणि तणाचं बी मरतं. महिन्याभरात कप्पा निम्म्याने बसतो, मग दोन कप्प्यांचा एक करा. पुढे दोन महिने बाहेर मुरू द्या.

विकायच्या आधी पसाभर खतात मेथी पेरून बघा, शेजारी साध्या मातीतही पेरा. दोन्हीकडे सारखी उगवली तर माल तयार. खतातली पिवळी पडली किंवा उगवलीच नाही तर अजून कच्चं आहे. कच्चं खत शेतात गेलं की पिकाचं नत्र तेच खातं, वर वाळवी येते ती वेगळी. मग तो शेतकरी पुन्हा तुमच्या दारात खत मागायला येत नाही.

ढिगात हात घालणाऱ्या प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन चालू आहे ना, ते बघा. घोड्याच्या लिदीत ते जंतू असतातच.

मुळशीकडची_पागा

एवढा हिशोब कधी केलाच नव्हता. तूस सत्तरवरून पंचवीसवर कसं आणायचं? रबर मॅट टाकून वर काहीच नको, असं काही क्लबमध्ये चालतं म्हणतात.

ठाणावरचा_मोतद्दार

पिछाडी यांच्याशी सहमत, पण मॅट टाकून वर काहीच नको हे अजिबात नको. घोडा उभ्याने डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. उघड्या रबरावर अनेक घोडे बसायला तयार होत नाहीत, आणि बसले तर मागच्या पायाच्या मोठ्या सांध्यावर आणि पुढच्या कोपरावर घट्टे पडतात. आठवडाभर सकाळी खोगीर घालण्याआधी अंगावर बेडिंग (खाली अंथरलेलं तूस वगैरे) चिकटलंय का बघा. चिकटलेलं नसेल तर तो रात्री बसलेला नाही, तूस किती वाचलं हे मग बिनकामाचं.

मॅट घ्यायची तर १७-१८ मिमी जाडीची, खाली धुमस मारून घट्ट केलेला मुरूम, मोरीकडे बारा फुटांत दीड-दोन इंच उतार. वर तीन इंच बेडिंग. बचत होते ती मुख्यतः काढण्याच्या पद्धतीत. सगळं ठाण रोज उपसायचं नाही. लिदीचे गोळे काट्याने उचलून झटकायचे, तूस खाली पडतं. मग ओली जागा शोधून तेवढीच काढायची. नर घोडा मधोमध मुततो, घोडी मागच्या कडेला, भिंतीकडे शेपटी करून. आठवडाभर लक्ष ठेवलं की प्रत्येकाची जागा पाठ होते. नवीन तूस थेट ओल्या जागी टाकू नका, कडेचं कोरडं तिथे ओढा आणि नवीन कडेला घाला.

मॅटची गोम सांध्यात आहे. मूत फटीतून खाली जातं आणि तिथेच मुरतं. दर तीन महिन्यांनी उचलून खालचा मुरूम वाळवायचा नसेल तर मॅट घेऊच नका, वास आधीपेक्षा वाढेल.

दुसरा पर्याय, तुसाऐवजी रंध्याचा भुसा. जास्त शोषतो. मात्र सुतारकामाचा मिसळ भुसा नको. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा गोंदाचा असतो आणि त्याची धूळ फार बारीक. कोकणातून कोकोपीट येत असेल तर शोषण्यात ते सगळ्यांत वरचढ, कुजतंही बरं. वाळलेलं असताना त्याची धूळ उडते, म्हणून हलकं पाणी शिंपून टाकायचं. उसाचं चिपाड ओलसर आलं तर बुरशी धरतं. घोड्याच्या छातीला बुरशीइतकं वाईट दुसरं काही नाही.

चुना आजपासून बंद करा. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो. चुन्याने ती जागा आणखी अल्कधर्मी होते आणि अमोनिया धरून राहण्याऐवजी हवेत सुटतो. टाकल्यावर अर्धा तास बरं वाटतं ते पांढरं दिसतं म्हणून. त्याऐवजी ओली जागा काढल्यावर मूठभर जिप्सम पसरा, वर बेडिंग. आणि वास उभं राहून घेऊ नका. पहाटे दार उघडल्या उघडल्या गुडघ्यावर बसून घ्या. बसलेल्या घोड्याचं नाक तिथे असतं. डोळे चुरचुरले तर वरच्या खिडक्या लहान आहेत किंवा उतार चुकलाय.

लसूणघास

अर्ध्या एकरात काय लावता याबद्दल घाईने लिहितोय, कारण दोन्ही सल्ले गाई-म्हशींच्या गोठ्यातून आलेले आहेत.

सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. गाईच्या पोटातले जिवाणू ते बऱ्यापैकी निकामी करू शकतात. घोड्याला ती सोय नाही. नियमित घातलं तर आयाळ आणि शेपटीचे केस झडतात. बांधावर सावलीला लावायची तरी घोड्याचं तोंड पोचणार नाही अशी.

हत्तीघास, म्हणजे नेपियर, उत्पन्नाला जबरदस्त, पण त्यात ऑक्झलेट जास्त. ते आतड्यात कॅल्शियमला धरून बसतं आणि घोड्याला कॅल्शियम मिळत नाही. सोबत रोज गव्हाचा कोंडा चालू असेल, आणि आपल्याकडे तो असतोच, तर फॉस्फरस वाढून प्रकरण दुप्पट होतं. काही महिन्यांत चेहऱ्याची हाडं सुजल्यासारखी दिसू लागतात, पाय जागा बदलत लंगडतात, आणि लोक नालबंदाला दोष देत बसतात. थोडा नेपियर चालेल, मुख्य चारा म्हणून नको. जिथे घालाल तिथे कोंडा कमी आणि लसूणघास जास्त, तिच्यात कॅल्शियम भरपूर.

अर्ध्या एकरात मी मारवेल लावेन, एका कडेला लसूणघास. मारवेल आपल्याच मातीतलं गवत आहे, पाणी कमी लागतं, घोडे आवडीने खातात. सगळा चारा त्यातून निघणार नाही हे आधीच धरा. घोड्याला वजनाच्या किमान दीड टक्के कोरडा चारा लागतो. तुमच्या सात जणांना रोज ४२-४५ किलो, म्हणजे वर्षाला सोळा टन. अर्ध्या एकरातून त्यातला थोडासाच भाग निघेल, पण ट्रकच्या काही खेपा वाचतील.

बाहेरून घेताना डोंगरातलं गवत कधी कापलंय ते विचारा. फुलोऱ्यात, पाऊस उघडल्या उघडल्या कापलेलं हिरवट असतं. नोव्हेंबर उलटून बी झडल्यावर कापलेलं म्हणजे पिवळी काडी. वजन तेवढंच, पोटाला लागत नाही, आणि निम्मं पायाखाली जातं. जमिनीवर टाकण्याऐवजी चार सेंटिमीटर छिद्राच्या जाळीत घाला. नालेचा पाय जाळीत अडकतो, त्यामुळे रिकामी होऊन लोंबली तरी तिचा तळ छातीच्या वर राहील एवढी उंच बांधायची.

हिरवी कोवळी ज्वारी घोड्याला नको, मूत्राशयाचा आणि मागच्या पायांतला जोर जाण्याचा आजार होतो. वाळलेला कडबा थोडा चालतो, कुट्टी करून. आणि गाईचं तयार पशुखाद्य कधीच नको. त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असेल तर घोड्याचं हृदय बंद पडायला फार थोडं पुरतं.

ईपीजी_५०

दर दोन महिन्यांनी सगळ्यांना औषध हा प्रकार थांबवा. पैसे जातात ते एक. दुसरं, औषधाला न जुमानणारे जंत तुम्हीच तयार करताय. फेनबेन्डाझोल हे जंताचं औषध लहान स्ट्राँगाइल जंतांवर जगात बऱ्याच ठिकाणी चालेनासं झालंय. आणि आयव्हरमेक्टिन हे दुसरं औषध लिदीतून बाहेर पडून शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. कुरणातली लीद जमिनीत नेणारे फुकटचे कामगार तेच.

कळपात साधारण वीस टक्के घोडे लिदीतून जंतांची ऐंशी टक्के अंडी टाकतात. ते कोणते, एवढं शोधायचं. पशुवैद्यकाकडून मोजून घ्या, किंवा सूक्ष्मदर्शक आणि मॅकमास्टर स्लाइड (अंडी मोजायला चौकटी आखलेली, दोन कप्प्यांची काच) असेल तर पद्धत अशी: ताजी लीद ४ ग्रॅम, संपृक्त मिठाचं पाणी ५६ मिली. ढवळून गाळणीतून गाळा, लगेच स्लाइडचे दोन्ही कप्पे भरा, पाच मिनिटं थांबा म्हणजे अंडी वर तरंगतात. दोन्ही कप्प्यांच्या चौकटीतली अंडी मोजून बेरजेला ५० ने गुणा. हा एका ग्रॅममधला आकडा. २०० च्या आत असलेल्या मोठ्या, निरोगी घोड्याला औषध देऊ नका. ५०० च्या वर नक्की द्या. मधल्यांचं पशुवैद्यकाशी बोलून ठरवा. औषधानंतर चौदा दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा नीट खाली आला नाही तर ते औषध तुमच्या पागेत संपलं.

चुका होतात त्या नमुन्यात. उन्हात दुपारपर्यंत पडलेली लीद घेतली तर अंडी फुटून आकडा खोटा कमी येतो. सकाळची घ्या, पिशवीतली हवा काढा, फ्रीजमध्ये ठेवा. आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या आणि पट्टकृमी या मोजणीत नीट दिसत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सगळ्यांना औषध राहतंच. शिंगरांचं गणित वेगळं, त्यांना हा नियम लावू नका.

मात्रा नजरेने ठरवू नका, कमी पडते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन ३२३ किलो.

औषध दिल्यावर आठ-दहा दिवसांची लीद गांडूळखताला देऊ नका, गरम कप्प्यातच जाऊ द्या. पॅडॉकमधली (घोडे मोकळे सोडायच्या कुंपणातली) लीद पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा उचला. तेव्हा ती पसरवली तर अळ्या सगळ्या गवतावर जातात. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र पसरवलेली चांगली, वाळून मरतात.

वाळू_आणि_पाणी

८०० चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे ८०० लिटर. तुमचा टँकर रोज सहा मिमी पाऊस पाडतोय. तरी धूळ उडत असेल तर दोष वाळूतल्या मातीचा आहे.

काचेच्या बरणीत एक तृतीयांश वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून तासभर ठेवा. वर मऊ थर दिसेल ती माती. ती वर्षानुवर्षं टापांखाली वाळूच दळली गेल्याने आणि न उचललेली लीद चुरून वाढते. म्हणून पहिला उपाय घमेलं आणि काटा रिंगणाच्या दारात, लीद पडली की त्याच तासाला बाहेर.

वाळू बदलायची वेळ आलीच तर आठ सेंटिमीटर थराला ६४ घनमीटर लागते. एवढी नदीची वाळू नव्याने आणू नका. धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते, मात्र धुतलेलीच. न धुतलेल्या भुकटीने पहिल्या महिन्यात त्रास आधीपेक्षा वाढतो. कापलेला काथ्या, तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे, वरच्या थरात मिसळला तर ओल धरतो आणि टाप सरकत नाही. तो कुजतो, पुन्हा भर घालावी लागते. परदेशी पद्धतीने जुन्या गालिच्याचे कृत्रिम धागे घालणाऱ्यांना हा त्रास नाही, पण ते प्लास्टिक एकदा वाळूत मिसळलं की परत वेगळं निघत नाही.

पाणी सकाळी मारता का? संध्याकाळी सूर्य कलल्यावर मारा, रात्रभर खाली मुरतं. सकाळी स्वारीआधी फक्त हलका फवारा. वाऱ्याच्या बाजूला दोन मीटर उंच हिरवी जाळी किंवा बांबूचं कुंपण. एवढ्यावर टँकर एक दिवसाआड यायला हरकत नाही.

मॅग्नेशियम क्लोराइड विकणारे येतील. ते हवेतली ओल खेचतं, पण एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे हवेतच ओल नसते. शिवाय जूनच्या पहिल्या पावसात ते धुऊन विहिरीत. जळकं ऑइल तर मुळीच नको.

छताचं पाणी: साठ बाय तीस फुटांचं छत धरलं तर पुण्याच्या ७०० मिमी पावसात, वाया जाणारं सोडून, नव्वद हजार लिटरच्या आसपास, तुमच्याकडे मुळशीच्या बाजूला बरंच जास्त. पण ते येतं तेव्हा रिंगणाला नको असतं आणि मे महिन्यापर्यंत साठवायची टाकी महाग. गाळणीच्या खड्ड्यातून बोअरला द्या. घोडे धुतलेलं पाणी मात्र वर्षभर मिळतं. वाळूचा गाळ बसायला छोटी टाकी करा, तिथून रिंगणाला. औषधी शाम्पूच्या दिवशी ते वेगळ्या शोषखड्ड्यात.

मुळशीकडची_पागा

चुना बंद केला, सुबाभूळ रद्द. दोन शंका उरल्या. पावसाळ्यात कप्पे कसे सांभाळायचे, ताडपत्री पुरेल का? आणि बायोगॅसचं काय?

पिछाडी

ताडपत्री मालाला चिकटवून टाकली तर हवा बंद होते, माल आंबट वास मारतो आणि गार पडतो. वर पत्र्याचं छत, पावसाच्या बाजूने दोन फूट पुढे काढलेलं. कप्प्यांचा तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच वर, काँक्रीटचा, मागे उतार. उताराच्या टोकाला दोनशे लिटरचं पिंप जमिनीत गाडा. त्यात उतरणारं काळं पाणी कोरड्या कप्प्यावर परत मारायचं, तुसाच्या मालाला ते लागतंच. छताच्या पन्हाळीचं पाणी या पिंपात येता कामा नये, नाहीतर जुलैत ते रोज भरून ओढ्याकडे जाईल आणि तुम्ही होतात तिथेच.

ओढ्यापासून कप्पे जितके लांब नेता येतील तितके न्या, विहीर उताराच्या खाली नसावी. जुना ढीग एकदम हलवू नका, आतल्या माश्या आणि वास सगळ्या वस्तीभर जाईल. डिसेंबर-जानेवारीत रोज दोन-चार घमेली काढून नव्या लिदीत मिसळत संपवा. कप्प्याला पाचव्या भागापेक्षा जास्त जुना माल नको.

बायोगॅस शक्य आहे, पण आत्ता नाही. शंभर किलो लिदीतून रोज तीन घनमीटरच्या आसपास गॅस निघावा, मोतद्दारांच्या (घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या) दोन घरांचा स्वयंपाक सहज होईल. अडचण तुसाची. ते कुजत नाही, संयंत्रात काही वर तरंगून साय धरतं, काही तळाला बसतं, आणि वर्षभरात टाकी उपसायची वेळ येते. लिदीतले लांब तंतूही वर येतात, म्हणून ती शेणापेक्षा थोड्या जास्त पाण्यात कालवून जाळीतून गाळून घ्यावी लागते. आधी वर्षभर लीद आणि बेडिंग वेगळं उचलायची सवय लागू द्या. मोतद्दाराच्या घमेल्यात नुसते गोळे यायला लागले की टाकीचा विचार करा.

शेजाऱ्यांना पहिलं पोतं फुकट द्या, पण मेथी उगवून बघितल्यावरच.